एक्सलंटच्या वरचं काय?

"गादी तयार झाली. आता शब्द काढा," असं म्हणून मालक विशेषणरावांच्या टेबलासमोर उभे राहिले. शब्द खणातच ठेवलेला असावा आणि नुसता हात घालून काढायचा असावा, असा त्यांचा चेहरा होता.

विशेषणराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण गाद्यांच्या या कारखान्यात आणि त्याला लागून असलेल्या दुकानात खरं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. केस काळे होते तेव्हापासून ते तिथे नोकरीला होते आणि नव्या प्रत्येक गादीला इंग्रजी विशेषण लावणं हे त्यांचं काम होतं. इंग्रजीच का, तर मालकांचं मत असं, की आपल्या भाषेत गुण सांगितला की गिऱ्हाईक वाद घालतं, इंग्रजीत सांगितला की मान हलवतं.

इथपर्यंत ठीक होतं. पण मालकांचा आणखी एक हट्ट होता. एकदा गादीला लावलेलं नाव खाली उतरवायचं नाही आणि जुनी गादी बंद करायची नाही. कारखान्याची पहिलीवहिली गादी निघाली तेव्हा विशेषणरावांनी तरुणपणाच्या उत्साहात तिला 'एक्सलंट' म्हणून टाकलं. पुढे तिच्यापेक्षा जाड गादी निघाली. ती 'सुपर एक्सलंट' झाली. मग 'प्रीमियम', मग 'रॉयल', मग 'सुप्रीम'. 'अल्टिमेट'च्या वेळी त्यांनी मालकांना बजावून सांगितलं होतं की या शब्दाचा अर्थच मुळी शेवटचा असा आहे, याच्या पुढे रस्ता नाही. मालक "बरं बरं" म्हणाले आणि वर्ष उलटायच्या आत 'अल्टिमेट प्लस' आली.

याचा परिणाम असा झाला होता की दुकानातली सगळ्यांत पातळ, सगळ्यांत रद्दी, बसल्याबरोबर खालची फळीन्फळी मोजता येईल अशी गादी म्हणजे 'एक्सलंट'. पाहुणे फार दिवस राहू नयेत अशी ज्यांची इच्छा असे ते लोक ती नेत. विशेषणरावांच्या घरातही हाच हिशेब रुजला होता. एकदा जेवताना बेसावधपणे त्यांनी भाजीला 'एक्सलंट' म्हटलं, तर बायकोनं मुकाट्यानं वाटी उचलून आत नेली.

"शनिवारी त्या मोठ्या हॉटेलच्या बाई येणारेत," मालक सांगत होते. "सगळ्या खोल्यांच्या गाद्या बदलायच्यात त्यांना. रस्ताभर दुकानं बघणार, आणि ज्याची सगळ्यांत वरची गादी पटेल त्याला काम. आपली ही नवीन गादी कशी आहे, बसून बघा एकदा."

विशेषणराव बसले. बूट सुटला होता तो बांधायच्या निमित्तानं बसले आणि बूट बांधून झाल्यावरही उठेनात. पाठीतली रोजची कळ कुठे गेली ते कळेना. आयुष्यभर त्यांनी फोमच्या तुकड्यांना राजेशाही नावं दिली होती. आज पहिल्यांदा समोर खरोखर चांगली वस्तू आली होती, आणि नेमकी आजच झोळी रिकामी होती. त्यांना अगदी गलबलून आलं.

"अल्टिमेट प्लस प्लस चालेल?" त्यांनी चाचरत विचारलं.

"गादी विकायचीय, बॅटरी नाही. नवा शब्द पायजे. भारदस्त." मालकांनी आवाज खाली आणला. "हे बघा, राग मानू नका. पण जावई परदेशातून परत आलेत, घरीच बसून असतात. मुलगी रोज म्हणते, बाबा, यांना दुकानात बसवा. त्यांचं इंग्रजी ताजं आहे. तुमचा स्टॉक संपला असंल तर तसं सांगा. गोदामात खोळी मोजायला माणूस लागतोच आहे."

गोदाम पत्र्याचं होतं. तिथे पंखा नव्हता, खिडकी नव्हती, आणि कापसाचे कण नाकात जाऊन माणूस दिवसभर शिंकत असे. विशेषणरावांना त्या क्षणीच एक शिंक आली.

त्या संध्याकाळी त्यांनी शब्दकोश उघडला. जेवताना एक घास आणि एक शब्द असा क्रम चालला. 'मार्व्हलस' समोरच्या रस्त्यावर साबणाला होता. 'ग्रँड' हे केशकर्तनालय होतं. 'स्प्लेंडिड'नं बायकोला ठसका लागला. शेवटी 'मॅजेस्टिक'वर येऊन गाडी थांबली. त्यांनी तो शब्द दोनतीनदा मोठ्यानं म्हणून पाहिला. बायको कौतुकानं म्हणाली, "अहो, छान वाटतं हो ऐकायला. जिना चढल्यासारखं."

सकाळी ते शीळ घालत दुकानाशी पोचले आणि शीळ ओठांवरच वाळली. समोरच्या गाद्यांच्या दुकानावर ओल्या रंगाची पाटी झळकत होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'मॅजेस्टिक'.

समोरचं दुकान होतं छोटूचं. छोटू म्हणजे विशेषणरावांच्या बायकोचा धाकटा भाऊ. वजनानं त्यानं हे नाव केव्हाच खोटं पाडलं होतं, पण बहिणीच्या लेखी तो अजून छोटूच होता. दाजी आणि मेहुणा समोरासमोरच्या दुकानांत असूनही संबंध चांगले होते, कारण छोटूला इंग्रजी येत नव्हतं आणि त्यामुळे दाजींबद्दल अपार आदर होता.

शब्द फुटला कुठून? विशेषणरावांचा संशय पेंटरवर गेला. दोन्ही दुकानांच्या पाट्या तोच रंगवी, आणि रात्रीच त्यांनी त्याला फोन करून ठेवला होता.

"इकडचे शब्द तिकडे पोचवायचे काय घेतोस रे?" त्यांनी त्याला रस्त्यातच गाठलं.

"मी अक्षरं रंगवतो साहेब, वाचत नाही," पेंटर शांतपणे म्हणाला. "आणि तुमचा फोन आला त्याच्या आधीच त्यांचा आला होता. आता एक करा, तुमची पाटी तुम्हीच रंगवा." शिडी खांद्यावर टाकून तो चालता झाला. तेवढ्यात शिडीचं मागचं टोक विशेषणरावांच्या चष्म्याला लागलं. मुद्दाम की कसं, ते विचारण्यात अर्थ नव्हता.

दुसरा शब्द त्यांनी कुणालाही सांगितला नाही. 'सब्लाइम'. फक्त मालकांच्या कानात सांगितला, तेव्हा जावई तिथेच खुर्चीवर बसून नखं कापत होते. घरी मात्र विशेषणराव मनाशी घोकत राहिले, कारण शब्द अवघड होता आणि ब्रश आता त्यांनाच धरायचा होता. सकाळी छोटूच्या दुकानावर 'मॅजेस्टिक'च्या शेजारी 'सब्लाइम' उभा होता.

या वेळी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शब्द माहीत असलेली माणसं तीनच. स्वतः, मालक आणि जावई. स्वतःवर संशय घेता येत नव्हता, मालकांवर घेणं परवडत नव्हतं.

"मालक, लहान तोंडी मोठा घास घेतो," त्यांनी सुरुवात केली, "पण घरातलंच कुणीतरी..." आणि त्यांची नजर जावयाच्या नखांवर गेली.

पुढचा तासभर फार वाईट गेला. जावई तडकाफडकी उठून घरी गेले. घरून मुलीचा फोन आला, मग मालकिणीचा आला, मग पुन्हा मुलीचा आला. मालक फोनवर "नाही नाही, तसं नाही" एवढंच म्हणत होते आणि प्रत्येक 'नाही'ला विशेषणरावांकडे पाहत होते. शेवटी फोन ठेवून ते म्हणाले, "शनिवारी ते काम आपल्याला मिळालं तर ठीक. नाही मिळालं, तर सोमवारी गोदामाची किल्ली घ्या."

डोकं दुखतंय असं सांगून विशेषणराव दुपारीच घरी आले. दार लोटलेलंच होतं. आत बायको फोनवर बोलत होती, आणि आवाजात माहेरचा गोडवा होता.

"अरे, आज ना दाढी करताना 'पिनॅकल' म्हणत होते. नाही रे, पिना नाही, पिनॅकल. लिहून घेतलंस? किती विचार करतात बघ. झोपेतसुद्धा चाललेलं असतं. तूच म्हणतोस ना, दाजींसारखं इंग्रजी या रस्त्यात कुणाचं नाही."

विशेषणराव दाराशीच खिळले. पेंटरशी भांडण झालं, चष्म्याची काडी गेली, जावयाचं घर पेटलं, आणि चोर इथे भाजी निवडत बसला होता. बरं, चोर म्हणावं तरी पंचाईत, कारण ती चोरी करतच नव्हती. ती नवऱ्याचं कौतुक करत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्या पाठीमागे आपलं इतकं कौतुक होत असेल याची त्यांना कल्पना नव्हती. रागवावं की गहिवरावं, याचा निर्णय होईना, म्हणून त्यांनी चपला पुन्हा पायात घातल्या आणि चौकापर्यंत जाऊन आले. त्या फेरीत त्यांना ती कल्पना सुचली.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी डोळे मिटले आणि एखाद्या गवयासारखा हात वर नेऊन म्हणाले, "मीडिऑकर."

"काय म्हणालात?" बायको पोळी तव्यावर ठेवून बाहेर आली.

"मी-डि-ऑ-कर. बस्स. याच्यावर शब्द नाही. पण कुणाला बोलू नकोस हं."

"मी कशाला बोलतेय," ती म्हणाली आणि आत जाताना ओठ हलवत गेली.

मीडिऑकर म्हणजे सामान्य. धड वाईट नाही, चांगला तर नाहीच नाही, दुसऱ्याच्या घरी चहा जसा मिळतो तसा. इंग्रजी जाणणाऱ्या कुणीही गिऱ्हाइकानं हा शब्द दुकानावर वाचला तर ते पायरीसुद्धा चढणार नाही, हा विशेषणरावांचा डाव होता. सख्ख्या मेहुण्याचं वाईट करतोय याची त्यांना थोडी टोचणी लागली. पण मग त्यांनी गोदाम डोळ्यांपुढे आणलं, आणि टोचणी थांबली.

शुक्रवारी छोटूनं 'मॅजेस्टिक', 'सब्लाइम' आणि रात्रीतून चढलेला 'पिनॅकल' हे सगळे काढून दुकानाच्या रुंदीची एकच पाटी लावली. सोनेरी अक्षरं, भोवती लाल दिवे, 'मोस्ट मीडिऑकर मॅट्रेस'. 'मोस्ट' त्यानं स्वतःच्या अकलेनं घातलं होतं.

मालक दारात उभे राहून पाटी बघत होते. "बघा," ते हताशपणे म्हणाले, "काय दणका शब्द लावलाय त्यानं. नुसतं वाचलं तरी छाती भरून येते. तुम्हाला का नाही सुचलं असलं काही?"

"उद्यापर्यंत दम धरा मालक," विशेषणराव म्हणाले. हसू आवरायला त्यांना पाठ फिरवावी लागली. मग त्यांनी आपल्या नव्या गादीवर स्वतः रंगवलेली पाटी टेकवली. पाटी जरा तिरकी आली होती, पण शब्द मात्र भक्कम होता. 'इन्कम्पॅरेबल', म्हणजे अतुलनीय. हा त्यांनी दुकानाच्या न्हाणीघरात कडी लावून मनातल्या मनात निवडला होता.

शनिवारी हॉटेलच्या बाई आल्या. पायांत साधे बूट, हातात पाण्याची बाटली, आणि सकाळपासून बारा दुकानदारांनी पिळून काढल्यासारखा चेहरा. त्या पाटीपुढे थांबल्या.

"इन्कम्पॅरेबल," त्यांनी वाचलं. "कशाशी कम्पेअर करून बघितली?"

विशेषणरावांची तयारी या प्रश्नाची नव्हती. "तशी... सगळ्यांशीच," ते म्हणाले. "तुम्ही बसून तर बघा. ही गादी खरंच..."

"बसते. पण आधी मला तुमची साधी काहीतरी दाखवा. तुमचा खालचा माल कसा असतो, ते बघितल्याशिवाय मी वरचा बघत नाही. ही माझी पद्धत आहे." असं म्हणत त्या कोपऱ्यातल्या गादीवर बसल्या. खालची फळी कट् करून वाजली. बाई पटकन उठल्या आणि कंबर चोळत त्यांनी पाटी वाचली.

"ही एक्सलंट?"

"हो. म्हणजे ती सगळ्यांत खालची," विशेषणराव घाईघाईनं समजावू लागले. "एक्सलंटवर तुम्ही जाऊ नका. तिच्या वर सुपर एक्सलंट आहे, ती पण काही खास नाही. प्रीमियम बरी. खरं म्हणजे सुप्रीमपासून पुढं माणूस झोपू शकतो."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. "काका," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे एक्सलंट अशी असेल, तर इन्कम्पॅरेबलवर बसायची मला भीती वाटते." आणि नव्या गादीला बोटसुद्धा न लावता त्या बाहेर पडल्या.

"बाई, एकदा बसा. नाव विसरा, नुसतं बसा," विशेषणराव दारापर्यंत धावले. आयुष्यात पहिल्यांदाच ते गिऱ्हाइकाला खरं सांगत होते. बाई तोवर रस्त्याच्या मधोमध पोचल्या होत्या. तिथेच त्यांची नजर वर गेली आणि त्या थबकल्या. सोनेरी अक्षरं त्यांनी एकदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि मग त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या, की एका सायकलवाल्याला त्यांना वळसा घालून जावं लागलं. हसत हसतच त्या छोटूच्या दुकानात शिरल्या.

काचेतून सगळं दिसत होतं. छोटू छाती काढून गादीवर थापट्या मारत होता. बाई गादीवर बसल्या, मग आडव्या झाल्या. मग उठून त्यांनी छोटूचा हात हातात घेतला. मालक आणि विशेषणराव शेजारी शेजारी उभे राहून हे पाहत होते.

थोड्या वेळानं छोटू रस्ता ओलांडून धावत आला आणि त्यानं मालकांच्या देखत दाजींना मिठी मारली. विशेषणराव त्या मिठीत जवळजवळ दिसेनासे झाले.

"दाजी, सगळ्या खोल्यांचं काम मिळालं. बाई काय म्हणाल्या माहितीये? म्हणाल्या, सकाळपासून हा पहिला दुकानदार जो खरं बोलतोय. म्हणे, गादी बरी आहे, तुम्ही सांगितलंत त्यापेक्षा बरीच बरी आहे. असं अजून कुठल्या गादीबद्दल म्हणता नाही आलं मला, म्हणाल्या. दाजी, हा तुमचा शब्द. ताईनं सांगितला मला. स्वतःच्या दुकानाला न लावता मला दिलात. एवढं कोण करतं आजकाल?" त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते.

छोटू गेला. मालक हळूहळू वळले. "म्हणजे तो शब्द तुमचा होता."

"मालक, ऐकून घ्या. त्या शब्दाचा अर्थ सामान्य असा होतो. मी मुद्दाम..."

"सामान्य?" मालक म्हणाले. "अख्ख्या हॉटेलचं काम घेऊन गेला तो शब्द, आणि तुम्ही मला सांगता सामान्य? मेव्हण्यासाठी हिरा राखून ठेवायचा आणि मालकाला इन्कम्पॅरेबलचा धोंडा द्यायचा, आणि वर मला अर्थ शिकवायचा?"

विशेषणरावांनी शब्दकोश काढला, पान उघडलं, बोट ठेवलं. मालकांनी पुस्तकाकडे बघितलंसुद्धा नाही. ते काचेतून समोरच्या सोनेरी पाटीकडे बघत होते.

"गोदामाचं राहू द्या," ते म्हणाले. "जावयाला असला शब्द सात जन्मांत सुचायचा नाही. तुमच्या डोक्यात माल आहे, फक्त नियत साफ ठेवा. सोमवारपासून आपली पाटी बदला, या वेळी लावलेलं नाव उतरवलं तरी चालेल. त्यानं 'मोस्ट' लावलंय ना? आपण 'अल्ट्रा मीडिऑकर' लावू. अक्षरं त्याच्यापेक्षा हातभर मोठी. आणि हा शब्द घरी कळता कामा नये."

विशेषणराव खुर्चीत बसले. खुर्ची वाचली होती, पंखा वाचला होता. आनंद व्हायला हरकत नव्हती, पण होत नव्हता. तिरक्या पाटीखाली ती नवी गादी एकही गिऱ्हाईक न बसता तशीच पडून होती, आणि सोमवारी तिच्यावर ते स्वतःच्या हातानं 'अल्ट्रा मीडिऑकर' लिहिणार होते.

घरी बायकोनं हसतमुखानं ताट वाढलं. "छोटूचा फोन आला होता. रडत होता हो पोरगा. मला इतकं बरं वाटलं. तुम्ही तोंडानं बोलत नाही, पण माझ्या माहेरचं मनात असतं तुमच्या." तिनं त्यांच्या पानात पोळी टाकली आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग आता तुमच्या त्या नव्या गादीला काय म्हणायचं ठरलं?"

विशेषणरावांनी घास गिळला. मालकांचं बजावणं त्यांना आठवत होतं. पण दिवसभराचा, आठवडाभराचा, केस काळे होते तेव्हापासूनचा वैताग उफाळून आला.

"चांगली," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे चांगली. गादी चांगली आहे. बसलं की पाठ दुखायची थांबते. सांग तुझ्या छोटूला, समोर एक चांगली गादी आहे म्हणावं."

 बायकोनं फुरंगटून पोळ्यांचा डबा उचलला.

"सांगायचं नसेल तर नका सांगू," ती म्हणाली. "पण असं काहीतरी सांगून मला बनवू नका."